पडद्याजवळची जागा

"पोरगी टीव्हीला नाक लावून बसते गं. डोळे तपासून घे तिचे," शेजारच्या मोनिकानं दारातूनच सांगितलं होतं.

करुणानं तेव्हा ते हसण्यावारी नेलं. "टीव्हीच जुना झालाय. मोठा आणला की बसेल लांब."

सासूबाईंचीही तीच तक्रार होती. "डबडं झालंय ते. समदं धुरकट दिसतं," चंपाबाई म्हणायच्या. त्या देवगाव रंगारीहून आल्या, तेव्हापासूनच करुणा निर्धास्तपणे नोकरीवर जायला लागली होती. "तू जा बिनघोर. पोरगी माझ्या नजरेखाली हाय," असं त्या रोज सकाळी सांगायच्या.

दिवाळीत करुणाच्या नवऱ्यानं, सोमनाथनं, मोठा ओलेड टीव्ही घेतला. भिंतीवर लावायला आलेल्या माणसानं बजावलं, "एकच चित्र तासन्‌तास ठेवू नका मॅडम, डाग पडतो. नुसती गाणी ऐकायची तर चित्र बंद करा. कुठलंही बटण दाबलं की परत येतं."

काळा रंग इतका काळा की भिंतीला भोक पडल्यासारखा. सोमनाथ तर जाहिरातीसुद्धा बघत बसला.

"कसा आहे आई?"

"झकास! आता कसं लख्ख दिसतंय. तुझ्या बापानं असला टीव्ही बघितला असता तर शेतात गेला नसता."

सगळे हसले. सहा वर्षांची श्रेया मात्र सोफ्यावरून उतरली आणि थेट पडद्यापुढं जाऊन बसली.

करुणाला मोनिकाचं बोलणं आठवलं. तिला स्वतःला चौथीत चष्मा लागला होता. ती पोरीला उचलून मागं बसवायची, पाणी प्यायला वळायची, तोवर श्रेया पुन्हा पुढं. शिवाय तोंडाची टकळी चालूच.

"आजी, ती हिरव्या साडीवाली आली. रडतेय, पण खोटं खोटं."

"आणि तो मुडदा कुठंय?"

"दाराआड. हसतोय."

"श्रेया, बास की गं! आजीला दिसतंय ना सगळं."

"बोलू दे तिला," चंपाबाई म्हणाल्या. "तिच्या बोलण्यानंच शिरेलीला चव येती."

करुणा आता पोरीवर पाळत ठेवू लागली. वही किती जवळ धरते, पाटी वाचताना डोळे बारीक करते का. तसं काही आढळेना. जिन्यात तर श्रेयाच आजीचा हात धरून पुढं चालायची, पायरी सांगत. पण टीव्ही लागला की पडद्याला चिकटलीच. रात्री करुणाला झोप लागेना. मोनिकाचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

शेवटी तिनं शनिवारची सुट्टी टाकली. सकाळी स्वयंपाक करताना भक्तिगीतं लावली, डाग नको म्हणून चित्र बंद केलं. मग सोमनाथचा डबा, श्रेयाचे केस, शाळेचा नको तो दुसरा फ्रॉक, अशी गडबड.

"आई, आम्ही येतो डॉक्टरांकडे जाऊन. टीव्ही बंद करू का?"

"राहू दे. गाण्यांमागनं माझी शिरेल लागती. जा तुम्ही."

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात श्रेयानं एक डोळा झाकून अक्षरं वाचली, दुसरा झाकून वाचली. सगळ्यात खालची ओळसुद्धा धडाधडा. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून पुन्हा तपासलं.

"डोळे ठणठणीत आहेत. नंबर नाही."

"मग इतकी जवळ का बसते?"

"तिलाच विचारा की."

करुणाला रडूच फुटलं, सुटल्यासारखं. स्कूटीवर बसताना तिनं लेकीचा पापा घेतला. "काय गं बये, का बसतेस एवढी पुढं?"

"असंच," श्रेया म्हणाली आणि आईच्या पाठीत तोंड खुपसलं.

घरी पोचल्या तेव्हा दाराबाहेरच सनई ऐकू आली. करुणानं किल्लीनं दार उघडलं. चंपाबाई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या, तोंड टीव्हीकडं.

"काय म्हणली डॉक्टरीण?"

"काही नाही आई! नंबरच नाही!"

"लई बरं झालं माय. जीव टांगणीला लागला व्हता माझा." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "बसा, बसा. आज लगीन हाय हिचं. कशी नटलीया बघ! एकेक दागिना उठून दिसतोय ह्या टीव्हीत."

श्रेया धावत आपल्या जागेवर गेली आणि थबकली. तिनं घाबरून आईकडं पाहिलं.

सनई वाजत होती, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते. पडदा काळाकुट्ट होता. त्यात फक्त चंपाबाईंचा हसरा चेहरा दिसत होता.

तुमच्याही घरी आत्ता टीव्हीसमोर कुणी एकटं बसलं असेल. जरा उठून बघा, चित्र चालू आहे का.