डावं अक्षर

“नाव नको. कामाचा किती वीट आलाय, स्वतःबद्दल काय वाटतं, तेवढंच लिहा,” कोऱ्या चिठ्ठ्या वाटत समुपदेशक बाई म्हणाल्या.

कुंदाताईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. गोलात साहेबही बसले होते. नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय! जन्म-मृत्यू नोंदणीच्या या कार्यालयात बारा वर्षं एकमेकांचं अक्षर बघणाऱ्यांना नाव कशाला लागतं? उद्या साहेब चिठ्ठ्या घेऊन बसले की बदली ठरलेलीच.

त्यांनी पर्सचा आडोसा केला, पेन डाव्या हातात धरलं आणि लिहिलं, ‘मी कुचकामी आहे असं वाटतं.’

बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि कुंदाताई बघतच राहिल्या. एक सोडून सगळ्या चिठ्ठ्यांवर कोंबडीचे पाय! सगळ्यांनीच डावा हात चालवला होता. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले.

ती एक चिठ्ठी साहेबांच्या वळणदार अक्षरात होती. ‘इथे माझ्याशी कुणी खरं बोलत नाही. रोज सकाळी वाटतं, आज जाऊच नये.’

हसू विरलं. कुंदाताईंनी उठून आपली चिठ्ठी शोधली आणि खाली उजव्या हातानं सही केली.