थंड बाजू

"तारा मधोमध का नाही, एवढंच मला कळत नाहीये," मुलगी म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा वडिलांकडे वळवला.

वडील दवाखान्यातून परस्पर तिच्या वेधशाळेतल्या खोलीत आले होते. उभा जन्म भट्टीवर तापलेली काच नळीने फुंकून भांडी घडवण्यात गेलेला. आता चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. त्यांनी चष्मा चढवला. पडद्यावर लालसर वायूचा भलामोठा फुगा होता आणि आत, एका कडेला चिकटल्यासारखा, पांढराशुभ्र तारा.

"हा फुगवला कोणी?"

"त्या ताऱ्यानेच. सूर्याच्या चाळीसपट वजनाचा आहे आणि भयंकर तापलेला. त्याच्या अंगातून सतत वारा सुटतो, चहूबाजूंना सारखाच. तो वारा भोवतालचा वायू ढकलत नेतो. मग तारा मधोमध हवा की नको? मी म्हणते, तो सरकला असणार. पण गणित काही केल्या जुळत नाही."

वडील पडद्याशी वाकले. तारा चिकटला होता त्या कडेवर त्यांनी बोट टेकवलं.

"सरकला-बिरकला नाही. ही बाजू थंड राहिलीये. फुंक सगळीकडे सारखीच जाते गं, पण काच जिथे थंड, तिथे ती जाड राहते, फुगत नाही. शिकाऊ पोरांचे फुगे असेच तिरके होतात."

"पण बाबा, त्या बाजूला काहीच नाही. नुसता काळोख."

"थंड काच कुठे चमकते?"

मुलीने घाईघाईने त्याच जागेचं दुसरं चित्र उघडलं, रेडिओ दुर्बिणीने टिपलेलं. काळोखाच्या जागी वायूचा दाट, थंड ढग फुग्याची ती बाजू अडवून पसरला होता. महिनाभर हे चित्र तिच्याकडे नुसतं पडून होतं. तिने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली.

हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"फुंकणं बंद. आजपासून." त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "याचा दम किती दिवस पुरेल?"

"फार नाही. मोठे तारे लवकर संपतात, बाबा."

"हं." त्यांचं बोट फुग्याच्या कडेवर थांबलं. "आणि हे बारके ठिपके?"

"नवे तारे. वाऱ्याने वायू दाबला जातो ना, त्यातून जन्मलेत."

वडिलांनी खुर्ची पुढे ओढली.

"मोठं करून दाखव."