तसला मास्क

टीव्हीवरच्या सिनेमात आपल्याच देशातल्या अतिरेक्यांनी भर बाजारात विषारी फवारा मारला. तोंडाला फेस येऊन माणसं पटापट कोसळली, आणि मारेकरी मास्क-हातमोजे चढवून थंडपणे बघत राहिले. आर्णीच्या श्रीकृष्णरावांनी चहाचा कप खाली आपटला.

"शी! स्वतः नखशिखांत झाकून घ्यायचं आणि दुसऱ्याला विष हुंगायला लावायचं! माणसं आहेत की हैवान?"

फरशी पुसणाऱ्या मथुराबाईचा हात थांबला. पडद्यावरून तिची नजर हलेना.

"साहेब, तसला मास्क आपल्या आर्णीत भेटते काय? मागच्या फवारणीनं आमचे हे दोन दिवस ओकत होते."

 

फडकं बादलीत पिळत ती म्हणाली, "उद्या पुन्हा तुमच्याच कापसाच्या पऱ्हाटीवर फवारा माराले जाऊन राह्यले."