डावी थोडी वर

"आता रागावून दाखवा," भुवया गोंदणारी मुलगी म्हणाली.

खुर्चीतल्या बाईने प्रयत्न केला. कपाळावर काही उमटलं नाही.

"बरं, आश्चर्य वाटल्यासारखं करा. स्नायू कुठवर हलतो ते बघायचं असतं, काकू. त्याशिवाय रेघ कुठे ओढायची ते कळत नाही."

"आमच्या आईला हल्ली कशाचंच आश्चर्य वाटत नाही," शेजारच्या स्टुलावर बसलेली लेक म्हणाली आणि स्वतःच हसली.

बाईच्या भुवयांच्या जागी नुसती कातडी होती. केस गळायच्या आजारात आधी डोकं उघडं पडलं, मग भुवयाही गेल्या. डोक्यासाठी टोप मिळाला. भुवयांचा टोप मिळत नाही.

मुलीने कपाळावर दोरा ताणून मापं घेतली, पेन्सिलीने दोन कमानी काढल्या आणि आरसा हातात दिला.

"झकास!" लेक म्हणाली. "आई, लग्नातल्यापेक्षा छान दिसतेयस."

बाईने आरशात बराच वेळ पाहिलं. "डावी थोडी वर हवी."

"अहो काकू, लोक माझ्याकडे सारख्या करून घ्यायला येतात."

"माझी डावी वर होती."

"अगं, मिळतायत तर चांगल्या घे ना," लेक म्हणाली.

"मला चांगल्या नकोत. माझ्या हव्यात." तिने आरसा मांडीवर पालथा ठेवला. "ह्यांना ओळखू येत नाही."

"काय?" मुलीने विचारलं.

"मी."

मुलीने लेकीकडे पाहिलं. लेक मोबाइल चाळू लागली होती.

"नर्सबाई म्हणतात मला," बाई म्हणाली. आवाज अगदी सपाट होता, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसा. "मान देतात. पाणी दिलं की आभार मानतात. माझ्यासमोर शर्ट बदलायला लाजतात."

"आई, बाबांना मीसुद्धा ओळखू येत नाही. आणि मला तर भुवया आहेत."

"तू लांब असतेस."

मुलीने ओल्या कापसाने डावी कमान पुसली आणि पुन्हा काढली, जरा वर. "एवढी?"

"अजून थोडी. बाहेरच्या बाजूला."

मग मुलीने बधिर करायचं क्रीम थापलं, वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवला. तिघी थांबून राहिल्या. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टींटीं ऐकू येत होतं. हळूहळू बाईला आपलं कपाळ कळेनासं झालं.

बारीक सुयांचं पातं चालू लागलं. एकेका केसाएवढी रेघ, मग त्यात रंग, मग पुसणं. खर्र, खर्र असा बारीक आवाज येत होता. पलीकडच्या खोलीत कुणी भांडं खरवडत असावं, तितक्या दुरून.

"दुखतंय?"

"नाही."

"डोळ्यांतून पाणी येईल. घाबरू नका, सगळ्यांनाच येतं."

पाणी आलं नाही. मुलीने सवयीने डोळ्यांच्या कडा टिपल्या. टिशू कोराच निघाला.

काम संपल्यावर मुलीने सगळं समजावून सांगितलं. आज फार गडद वाटतील, उद्या त्याहून. मग खपली धरेल. ती काढायची नाही, आपोआप पडू द्यायची. खपली पडली की वाटेल, सगळंच गेलं. घाबरून फोन करू नका, रंग पुन्हा वर येतो. महिन्याभराने या, राहिलेलं भरून देईन. आठवडाभर पाणी नाही, वाफ नाही.

"आणि टिकतात किती?" लेकीने विचारलं.

"दीड-दोन वर्षं. मग फिकट होत जातात."

"तेवढ्या पुरतील," आई म्हणाली.

लेकीने तिला घरी, इमारतीच्या दारापर्यंत सोडलं. ती वर आली नाही. गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणाली.

वर घरात शेजारीण बाईच्या नवऱ्याजवळ बसून होती. हिला पाहताच "अगंबाई, केवढा फरक पडला!" म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

नवरा खिडकीशी खुर्चीत बसला होता. मांडीवर वर्तमानपत्र, उलटं. त्याने मान वर केली. नेहमीसारखी लगेच खाली घातली नाही.

ती पुढे झाली आणि उजेडात उभी राहिली. चेहऱ्यावर काय आणावं ते तिला कळेना. कपाळ अजून स्वतःचं वाटत नव्हतं.

तो बघतच राहिला. मग त्याने बोट उचललं आणि तिच्या चेहऱ्यापासून जरा दूर, हवेतच धरलं.

"ही तुम्हाला कशी मिळाली?"

"कोणती?"

"ही डावी. आमच्या हिची अगदी अश्शीच आहे." त्याचे डोळे चमकले. "ती वर गेली की समजायचं, कोर्ट बसलं. मग आपण फक्त हो म्हणायचं. काय?" आणि तो हसला. मोठ्याने, पोट हलेपर्यंत. हे हसू तिने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

तो हसायचा थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"कुठे आहेत त्या?" तिने विचारलं.

"गेलीय कुठेतरी. येईलच एवढ्यात." त्याने शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलून जागा करून दिली. "बसा ना, नर्सबाई. आली की दाखवतो. नाहीतर तुम्हाला खोटं वाटेल."

ती बसली. दोघंही दाराकडे बघत राहिली.