जाड सुई, बारीक सुई

"दादाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं ठरवूनच मी घर सोडलं होतं," टेबलावर आडवा होताना धाकटा म्हणाला. "वहिनी दारात ठाण मांडून बसली, म्हणून आलो. माझ्या यकृताचा तुकडा त्याला चालतो का, ते एकदाचं बघून टाका."

डॉक्टरांनी त्याच्यासमोर दोन सुया धरल्या. पोटाच्या आतलं दाखवणाऱ्या दुर्बिणीबरोबर यांतली एक आत जाणार होती आणि यकृताचा नमुना घेऊन येणार होती.

"जाड सुईने नमुना अखंड येतो, पण रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो. बारीक सुईने त्रास कमी, पण नमुना कधीकधी मोडतो. मग तपासणी अपुरी राहते आणि मी तुम्हाला दाता म्हणून घेऊ शकत नाही."

"म्हणजे बारीक घेतली तर मी सुटू शकतो."

"सुटू शकता. बाहेर कोणाला कळणारही नाही."

"आणि तो?"

"त्यांच्यासाठी दुसरा दाता नाही."

धाकट्याने जाड सुईकडे बोट दाखवलं.



"जाड घ्या. भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायची दादाची जुनी खोड आहे. या वेळी जाऊ देणार नाही."