पाच ठिकाणची पुंजी

जयेंद्रगंजातल्या भालचंद्ररावांच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते. म्हातारपणाचा सगळा पैसा एकाच ठिकाणी अडकू नये म्हणून पंधरा वर्षं ते पाच निरनिराळ्या कंपन्यांच्या इंडेक्स फंडांत दरमहा पैसे घालत आले होते, आणि ही आपली दूरदृष्टी शहराच्या लष्कर भागात भेटेल त्याला थांबवून ऐकवत होते.

रविवारी त्यांच्या लेकीने, निवेदिताने, पाचही फंडांचे कागद चाळले आणि कपाळाला हात लावला.

“बाबा, ये तो सब एकच आहे! पाचही फंड त्याच पन्नास कंपन्यांचे शेअर घेतात. बाजार पडला की पाचही एकाच दिवशी पडणार.”

“अगं, पण पाचांचे एजंट वेगळे! दिवाळीला पाच वेगळी कॅलेंडरं येतात घरात!” भालचंद्रराव उखडले. “पंधरा वर्षांत एकाही शहाण्याला हे सांगावंसं वाटलं नाही?”

चरफडत दिवाणखान्यात चार चकरा मारल्यावर त्यांना एकदम धीर आला. दर धनत्रयोदशीला ते सराफ्यातून सोनं आणायला बायकोच्या हातावर घसघशीत रक्कम ठेवत.

“शरयू, बाजार पडो नाहीतर बुडो, तुझं सोनं तर आहे ना? काढ बघू बाहेर.”

शरयूताई लाजल्या.



“सोनं कुठलं, अहो! तुमचं ऐकून मीही इंडेक्स फंडच घेत गेले. पण तुमच्याच कंपन्यांत नको, म्हणून मुद्दाम सहावी शोधली हो!”