काकूच हवी

नाकामागच्या कॅन्सरसाठी सोळा वर्षांच्या लेकीला रोज रेडिएशन सुरू होतं. घसा आतून सोलवटला होता, पाण्याचा घोटही टोचायचा. पण दवाखान्यात सोबतीला तिला आई नको असायची, काकूच हवी. ‘जन्म मी दिला आणि मिरवतेय जाऊबाई!’ आई मनातल्या मनात जळायची.

विसाव्या दिवशी तिने चक्क थाप मारली. “आज मशीन बंद आहे,” असं जावेला सांगितलं आणि लेकीला घेऊन स्वतःच गेली.

लेक हसत आत गेली, हसतच बाहेर आली. रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसवतात त्या मुखवट्याच्या जाळीचे गालांवर वळ होते. “काही त्रास नाही झाला गं आई,” ती म्हणाली, आणि आईचं काळीज सुपाएवढं झालं. माझ्यासोबत पोर कशी हसत होती, हे जावेला ऐकवायचंच, म्हणून संध्याकाळी आई जावेच्या खोलीकडे निघाली आणि दाराशीच थबकली. लेक काकूच्या मांडीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती.



“आज फार दुखलं गं काकू. पण आई होती ना, रडता नाही आलं.”